मिसळणं सोपं, वेगळं करणं महाग: रसायन उद्योगातली चक्राकार अर्थव्यवस्था

१७९१ साली निकोला लब्लां या फ्रेंच शल्यवैद्याने मिठापासून धुण्याचा सोडा तयार करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. काच, साबण आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागायचा आणि तोवर तो वनस्पतींच्या राखेतून काढावा लागे. लब्लांची रीत अशी: मिठावर गंधकाम्ल ओतायचं, त्यातून जो घन पदार्थ तयार होईल तो चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजायचा आणि मग पाण्याने त्यातला सोडा धुऊन काढायचा. सोडा मिळायचा, पण सोबत दोन नकोशा गोष्टी यायच्या. पहिल्या पायरीला हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि शेवटी गंधकाने भरलेला काळा चिखल. इंग्लंडमधल्या कारखान्यांनी हा वायू सरळ धुराड्यातून सोडला. भोवतालची झाडं आणि पिकं करपली. चिखलाचे ढिगारे वाढत गेले आणि त्यांना सडक्या अंड्यांसारखा वास येत राहिला.

१८३६ मध्ये विल्यम गॉसेजने हा वायू पाण्यात शोषून घेणारा मनोरा बांधला. असे मनोरे जिथे उभे राहिले तिथली हवा सुधारली, पण आम्लाचं पाणी पुष्कळदा जवळच्या ओढ्यात जाऊ लागलं. १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने अल्कली कायदा केला आणि या वायूपैकी निदान ९५ टक्के अडवलाच पाहिजे असं बंधन घातलं. आता कारखानदारांच्या हातात आम्ल होतं आणि त्याला पुरेसं गिऱ्हाईक नव्हतं. त्याच दशकात वॉल्टर वेल्डन आणि हेन्री डीकन यांनी, दोघांनी दोन वेगळ्या वाटांनी, त्या आम्लातून क्लोरीन काढून दाखवला. क्लोरीन चुन्यात मुरवला की ब्लीचिंग पावडर होते आणि ती कापडगिरण्यांना नि कागदगिरण्यांना हवीच होती. पुढे अर्नेस्ट सॉल्वे या बेल्जियन रसायनतज्ज्ञाची सोडा बनवण्याची स्वस्त पद्धत आली आणि सोड्याच्या बाजारात लब्लां पद्धतीचा टिकाव लागेना, तेव्हा हे जुने कारखाने काही काळ तगले ते या ब्लीचिंग पावडरच्या जोरावर. चिखलातला गंधक परत मिळवण्याची युक्तीही १८८० च्या दशकात सापडली.

‘चक्राकार अर्थव्यवस्था’, म्हणजे टाकाऊ वस्तू पुन्हा वापरात फिरवत ठेवणं, हा शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, पण आज या शब्दाखाली जे काही बोललं जातं ते जवळजवळ सगळं या एका गोष्टीत आहे. टाकाऊ वस्तू आधी हवेत गेली, मग पाण्यात गेली, मग कायद्याने तिला कारखान्यात थांबवलं आणि थांबल्यावर तिच्यातून माल तयार झाला.

रसायन उद्योगात हा विषय इतरांपेक्षा वेगळा का, ते आधी पाहू. जुनं यंत्र खोलून त्याचे नट-बोल्ट परत वापरता येतात. रसायनात वस्तूचे बंधच बदललेले असतात, त्यामुळे उलटं फिरायचं तर नवी रासायनिक क्रिया लागते आणि तिला ऊर्जा लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हा उद्योग जगभर जेवढं तेल, वायू आणि कोळसा घेतो, त्यातलं साधारण अर्धं तो जाळतच नाही. ते कच्चा माल म्हणून वापरलं जातं आणि त्यातला कार्बन प्लास्टिक, रंग, औषधं, धागे यांच्यात जाऊन बसतो. म्हणजे उद्या सगळी वीज सूर्य आणि वाऱ्यापासून मिळाली, तरी या वस्तूंसाठी कार्बन कुठून आणायचा हा प्रश्न उरतोच. तो जमिनीतून काढायचा नसेल तर वनस्पती, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आधीच बनवून ठेवलेल्या वस्तू एवढीच ठिकाणं शिल्लक राहतात.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला नियम. पाण्याच्या पिंपात शाईचा एक थेंब टाकला की तो आपोआप पसरतो. तो थेंब परत गोळा करायचा तर पिंपभर पाणी उकळावं किंवा गाळावं लागेल. निसर्गात मिसळणं फुकट आहे आणि वेगळं करण्याचं मोल ऊर्जेत मोजावं लागतं. वस्तू जितकी विरळ, तितकं हे मोल जास्त. रसायन कारखान्यातली बहुतेक नासाडी या पसरण्यातून होते. अणू कुठेच नाहीसे होत नाहीत. ते फक्त अशा ठिकाणी आणि इतके विरळ होऊन जातात, की परत आणणं परवडत नाही. म्हणून यापुढची प्रत्येक युक्ती वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: इथे मिसळणं टाळलंय, की मिसळल्यावर निस्तरलंय?

सगळ्यात आधी नासाडी ठरते ती कागदावर, समीकरण लिहितानाच. १९९१ मध्ये बॅरी ट्रॉस्ट या रसायनशास्त्रज्ञाने एक साधं माप मांडलं: क्रियेत घातलेल्या अणूंपैकी वजनाने किती टक्के अणू हव्या असलेल्या मालात पोचले? याला अणू-काटकसर म्हणता येईल. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक याचं फार चांगलं उदाहरण आहे. १९६० च्या दशकातल्या मूळ पद्धतीत सहा पायऱ्या होत्या आणि घातलेल्या अणूंपैकी जेमतेम ४० टक्के औषधात उतरत. बाकीचे ६० टक्के, सगळं काम अगदी नीट झालं तरीही, कचऱ्यातच जाणार होते. शिवाय पहिल्या पायरीत ॲल्युमिनियम क्लोराइड भरपूर लागायचं आणि पाण्याने धुतल्यावर ते निरुपयोगी गाळ होऊन बाहेर पडायचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन पायऱ्यांची नवी पद्धत उत्पादनात आली. तिच्यात ७७ टक्के अणू औषधात जातात. पहिल्या पायरीत सुटणारं ॲसिटिक आम्ल वेगळं करून वापरलं तर हा आकडा ९९ पर्यंत पोचतो. ॲल्युमिनियम क्लोराइडची जागा हायड्रोजन फ्लोराइडने घेतली आणि ते पुन्हापुन्हा फिरवता येतं. अर्थात हायड्रोजन फ्लोराइड अत्यंत घातक आहे, त्यामुळे इथे कचरा घटला तशी सुरक्षिततेची जबाबदारी वाढली. अशा प्रत्येक बदलात ही देवाणघेवाण असतेच आणि ती लपवून ठेवणं मला योग्य वाटत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला लिंडेन हे कीटकनाशक आहे. बेंझीनवर क्लोरीनची क्रिया केली की एकाच सूत्राचे, पण वेगवेगळ्या ठेवणीचे अनेक रेणू एकत्र तयार होतात. त्यातला फक्त एक कीटकनाशक म्हणून कामाचा, आणि तो मिश्रणात १० ते १५ टक्केच असतो. शुद्ध लिंडेन काढायचं तर एका टनामागे साधारण आठ ते बारा टन बाकीचं उरतं, तेही विषारी आणि वर्षानुवर्षं न विघटणारं. कित्येक देशांत ते नुसतं पुरून टाकलं गेलं. २००९ मध्ये लिंडेन स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न विघटणाऱ्या विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं, पण ते ढीग आजही जमिनीत आहेत. कारखाना कितीही चोख चालवला असता तरी हे चुकलं नसतं, कारण चूक समीकरणातच होती.

समीकरण कितीही चांगलं असलं तरी प्रत्यक्ष कारखान्यात त्यापलीकडे पुष्कळ वाया जातं. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये त्यासाठी दुसरं माप दिलं, ‘ई-फॅक्टर’: एक किलो मालामागे किती किलो कचरा? तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ च्या आसपास असतो. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांत एक ते पाच. रंग-सुगंधांसारख्या थोड्या प्रमाणात बनणाऱ्या खास रसायनांत पाच ते पन्नास. आणि औषधांत पंचवीस ते शंभर, कधी त्याहून जास्त. पहिल्यांदा पाहिलं की आश्चर्य वाटतं, कारण तेलशुद्धीकरण कारखाना आपल्याला सगळ्यात कळकट वाटतो आणि औषधांचा सगळ्यात स्वच्छ. शेकडो कोटी टनांच्या धंद्यात टक्काभर जास्त वाया गेलं तरी मोठा तोटा होतो, म्हणून तिथे प्रत्येक थेंब वसूल केला जातो. औषधाचं उत्पादन वजनाने लहान, किंमत मोठी, पायऱ्या अनेक, आणि एकदा मंजूर झालेली पद्धत बदलायला नव्याने परवानग्या लागतात.

औषधांच्या या कचऱ्यात सिंहाचा वाटा द्रावकांचा, म्हणजे सॉल्व्हंटचा. क्रिया ज्यात घडते, ज्याने माल धुतात, ज्यातून स्फटिक बाहेर काढतात ते सगळे द्रव. ते मालात शिरत नाहीत, त्यामुळे तत्त्वतः शंभर टक्के परत मिळायला हवेत. परत मिळवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे ऊर्ध्वपातन: मिश्रण तापवायचं, आधी उकळेल त्याची वाफ वेगळी करून थंड करायची. पण इथे आपला नियम आडवा येतो. काही जोड्या अशा असतात की ठरावीक प्रमाणात आल्या की दोन्हींची वाफ एकत्रच उठते. इथेनॉल आणि पाणी हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. नेहमीच्या दाबाखाली कितीही ऊर्ध्वपातन करा, वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे इथेनॉल शुद्ध होत नाही. पुढचं पाणी काढायला पाणी शोषणारे विशेष खडे किंवा पडदे लागतात. दोन-तीन द्रावकं आणि पाणी एकत्र झालं की असे अनेक अडथळे एकावर एक येतात, आणि मग कारखाना ते मिश्रण सरळ जाळायला पाठवतो.

म्हणून इथली सगळ्यात हुशार युक्ती यंत्राची नाही, निवडीची आहे. सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाची पद्धत फायझरने नव्याने आखली आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये त्यासाठी पुरस्कार दिला. आधी त्यात चार वेगवेगळी द्रावकं वापरली जात. नव्या पद्धतीत तीन पायऱ्या सलग एकाच द्रावकात, इथेनॉलमध्ये, होऊ लागल्या. मधला माल प्रत्येक वेळी वेगळा काढून सुकवण्याची गरज गेली. टनामागे साठ हजार गॅलन द्रावक लागत होतं, ते सहा हजारांवर आलं. एकच द्रव असेल तर तो परत शुद्ध करणंही सोपं जातं. मला हे उदाहरण इतर सगळ्यांपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं.

कारखान्याच्या आत चक्र कसं फिरतं हे पाहायचं तर अमोनियाकडे जावं. नायट्रोजन आणि हायड्रोजन तापलेल्या लोखंडी उत्प्रेरकावरून प्रचंड दाबाखाली नेले, तरी एका फेरीत त्यातले साधारण १५ ते २० टक्केच अमोनियात बदलतात. हा निसर्गाने घातलेला समतोल आहे, त्याच्याशी भांडण नाही. १९१३ मध्ये कार्ल बॉशच्या देखरेखीखाली जर्मनीत ओप्पाऊला हा कारखाना सुरू झाला तेव्हापासूनचा तोडगा असा: तयार झालेला अमोनिया काढून घ्यायचा, आणि उरलेला वायू पुन्हा आत ढकलायचा. पुन्हा, आणि पुन्हा. अशा फेऱ्यांमधून अखेरीस घातलेल्यातला जवळजवळ सगळा वायू कामी येतो.

पण या चक्राला एक खोड आहे, आणि ती प्रत्येक चक्राला असते. हवेतून नायट्रोजन घेताना थोडा आर्गॉन आत येतो, हायड्रोजनबरोबर थोडा मिथेन येतो. हे दोघे क्रियेत भाग घेत नाहीत. ते नुसते फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीत नव्याने आलेल्यांची भर पडते. काही काळाने चक्रात कामाचे वायू कमी आणि हे बिनकामाचे पाहुणेच जास्त. म्हणून चक्राला सतत एक छोटी गळती ठेवावी लागते, तिला ‘पर्ज’ म्हणतात. पर्जबरोबर थोडा हायड्रोजनही जातो, तो पडद्यांनी गाळून परत मिळवतात. चक्र जितकं घट्ट बंद कराल तितकी आत घाण साठणार आणि ती काढायची सोय आधीच हवी, हे चक्राकार अर्थव्यवस्थेच्या चर्चेत फार कमी वेळा ऐकू येतं.

सांडपाण्यात हेच दिसतं. ‘शून्य द्रव विसर्ग’ म्हणजे कारखान्याबाहेर पाण्याचा थेंब जाऊ न देणं. पाणी गाळून, आटवून परत वापरायचं. पाणी वाचतं हे खरंच, आणि जिथे नदी कोरडी आहे तिथे ते मोलाचं आहे. पण शेवटी तळाशी अनेक क्षारांची खिचडी उरते, ती कुणालाच नको असते, आणि ती आटवायला भरपूर ऊर्जा जळालेली असते. वेगवेगळ्या विभागांचं पाणी आधीच वेगळं ठेवलं असतं तर एकेक क्षार निदान विकण्याजोगा निघाला असता.

उष्णतेबद्दल थोडक्यात. कारखान्यात एकीकडे काही प्रवाह थंड करायचे असतात, दुसरीकडे काही तापवायचे असतात. एकाची उष्णता दुसऱ्याला दिली की इंधन आणि थंड पाणी दोन्ही वाचतं. कोणाची जोडी कोणाशी लावायची याचं गणित १९७० च्या दशकाच्या अखेरीस बोडो लिनहॉफ यांनी ‘पिंच’ पद्धतीत बसवलं. त्याचा गाभा असा, की उष्णतेची किंमत तिच्या तापमानात असते: चारशे अंशांची वाफ पुष्कळ कामं करते, चाळीस अंशांचं पाणी फारशी नाही. गंधकाम्लाच्या कारखान्यात गंधक जाळण्यापासून आम्ल होईपर्यंतची प्रत्येक मुख्य पायरी उष्णता देते, त्यामुळे चांगला कारखाना आम्लाबरोबर वाफही पुरवतो.

ती वाफ घ्यायला शेजारी मात्र हवा. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावात वीजकेंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, जिप्सम बोर्डाचा कारखाना, इन्सुलिन बनवणारी कंपनी आणि नगरपालिका एकमेकांना वाफ, पाणी आणि उरलेला माल देत आले आहेत. ही व्यवस्था कुणी आराखडा काढून उभी केलेली नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून एकेक करार होत ती वाढत गेली. वीजकेंद्राच्या धुरातला गंधक चुन्याने पकडला की जिप्सम तयार व्हायचं, ते शेजारच्याला कच्चा माल म्हणून चालायचं. यातला धोकाही उघड आहे. वीजकेंद्राने कोळसा सोडला की ते जिप्सम थांबतं, आणि कोळसा तर सोडायलाच हवा. दुसऱ्याच्या कचऱ्यावर कारखाना उभा करताना तो कचरा किती वर्षं निर्माण व्हावा असं आपल्याला वाटतं, हे स्वतःला विचारायला हवं.

शेजाऱ्यांमधलं माझ्या मते सगळ्यात सुंदर चक्र क्लोरीनचं आहे. गाद्या आणि उष्णतारोधक फोम पॉलियुरेथेनचे असतात. त्यासाठी लागणारे आयसोसायनेट नावाचे घटक बनवायला फॉस्जीन हा विषारी वायू वापरतात, आणि फॉस्जीन बनवायला क्लोरीन. गंमत अशी की तयार फोममध्ये त्या क्लोरीनचा एकही अणू नसतो. सगळाच्या सगळा हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे तोच हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू, होऊन बाहेर पडतो. हा क्लोरीन मिठाच्या पाण्यातून वीज घालून काढलेला, नेहमीच्या मेम्ब्रेन पद्धतीत टनाला दोन हजार युनिटांहून जास्त. मग तो आम्ल होऊन जाऊ द्यायचा का? इथे दीडशे वर्षांपूर्वीचा हेन्री डीकन परत येतो. हायड्रोजन क्लोराइडवर प्राणवायूची क्रिया करून क्लोरीन आणि पाणी मिळवण्याची त्याची पद्धत तांब्याच्या उत्प्रेरकावर चालायची. त्याला तापमान चढं लागे आणि उत्प्रेरकच हळूहळू उडून जाई. जपानच्या सुमितोमो केमिकलने रुथेनियम ऑक्साइडचा उत्प्रेरक शोधून २००२ पासून ही क्रिया कमी तापमानाला, उद्योगाच्या प्रमाणावर चालवली. क्लोरीन पुन्हा फॉस्जीनकडे जातो. ज्या वायूने एकेकाळी इंग्लंडमधली झाडं करपवली, तोच इथे गोल फिरत राहतो.

कारखान्याच्या फाटकाबाहेर गेलेल्या मालाचं काय? इथे काम अवघड होतं, कारण ग्राहकाच्या हाती गेलेली वस्तू पसरते आणि मिसळते. प्लास्टिकचंच घ्या. पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी आणि नायलॉन-६ यांच्या साखळीत ठरावीक अंतरावर असे दुवे असतात, जे पाणी, मिथेनॉल किंवा ग्लायकॉलसारख्या द्रवांनी उघडता येतात. त्यामुळे ते मूळ घटकांपर्यंत परत नेता येतात आणि नव्यासारखं प्लास्टिक मिळतं. पिशव्यांच्या पॉलिथिनमध्ये असा दुवाच नाही, टोकापासून टोकापर्यंत कार्बनला कार्बन जोडलेला. त्याला हवेविना पाचशे अंशांच्या आसपास तापवून तोडतात, म्हणजे पायरोलिसिस, आणि त्यातून मेण, तेल, वायू यांचं मिश्रण निघतं. त्यात पीव्हीसी मिसळलेलं असेल तर आम्ल सुटून यंत्रं गंजतात. पुढे ते तेल शुद्ध करून पुन्हा क्रॅकरमध्ये, म्हणजे मोठे रेणू तापवून तोडणाऱ्या भट्टीत, घालायचं, आणि प्रत्येक टप्प्यावर काही हिस्सा गमवायचा. म्हणून स्वच्छ, वेगळं केलेलं प्लास्टिक नुसतं वितळवून परत वापरता येत असेल तर तेच आधी करावं. रासायनिक मार्ग उरलेल्यासाठी ठेवावा. आणि ते तेल इंधन म्हणून जाळलं तर त्याला पुनर्चक्रण म्हणू नये. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचरा निर्देशातही इंधन बनवणं पुनर्चक्रणात धरलेलं नाही.

हे तेल खनिज तेलातून मिळणाऱ्या नेहमीच्या नॅफ्थ्याबरोबर एकाच क्रॅकरमध्ये जातं, तेव्हा कुठला रेणू कुठून आला ते ओळखता येत नाही. मग हिशेब वहीत ठेवतात: आत जेवढं पुनर्चक्रित गेलं, तेवढंच, झालेली घट वजा करून, बाहेरच्या मालावर दाखवायचं. पद्धत प्रामाणिक असू शकते. पण ज्या मालाला जास्त भाव मिळतो त्याच्याच नावावर सगळं श्रेय टाकायची मुभा दिली, तर वेष्टनावरचा आकडा आणि आतलं प्लास्टिक यांचा संबंध तुटतो. यासाठी कडक, सगळ्यांना तपासता येतील असे नियम हवेत.

चक्रातल्या घाणीचा प्रश्न इथेही आहेच. जुन्या टीव्ही-संगणकांच्या प्लास्टिकमध्ये आग पसरू नये म्हणून ब्रोमीनयुक्त रसायनं घातलेली असत. त्यातली अनेक आता बंद आहेत, तरी ते प्लास्टिक वितळवून बनवलेल्या खेळण्यांमध्ये ती सापडली आहेत. पुनर्चक्रणाने विष नाहीसं होत नाही, त्याचा पत्ता बदलतो.

पैशाची रचनाही मधे येते. द्रावक विकणाऱ्याचा फायदा जास्त लिटर खपण्यात असतो. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेने २००४ पासून ‘केमिकल लीजिंग’ची कल्पना पुढे नेली आहे: पैसे लिटरवर न देता किती भाग स्वच्छ झाले, किती चौरस मीटर रंगवले यावर द्यायचे. मग द्रव वाचवणं, गाळून परत घेणं विकणाऱ्यालाच फायद्याचं होतं.

आणि शेवटी अशी रसायनं, जी परत येऊच शकत नाहीत. साबण, डिटर्जंट, कीटकनाशकं ही पसरण्यासाठीच बनवलेली असतात. १९५० च्या दशकात डिटर्जंटमध्ये फाटे फुटलेल्या कार्बन-साखळीचा एक रेणू सर्रास वापरला जाई. कपडे तो उत्तम धुवायचा, पण ते फाटे जीवाणूंना पचत नसत. नद्यांवर आणि सांडपाणी केंद्रांत फेसाचे थर चढले. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांतल्या उद्योगाने सरळ साखळीचा रेणू स्वीकारला. सूत्र जवळपास तेच, धुण्याचं काम तेच, फक्त फाटे काढलेले. तो रेणू कुणी परत गोळा करत नाही. पाण्यात प्राणवायू असेल तर जीवाणू काही दिवसांत त्याचे तुकडे करतात.